किटलीच्या टोपीतल्या चिठ्ठ्या

शनिवार, १२ मे १९८४

आज घरात खेळ झाला आणि तो मी होऊ दिला, म्हणून आधी तेच लिहिते. बाजाराचा हिशेब उद्या.

जेवणं आटोपल्यावर नोस्के मास्तर काखेत खोका घेऊन आले. पेरन शाळेत होता तेव्हा शनिवारी त्यांच्याकडे हाच खेळ खेळायला जायचा. मार्चात पेरनची होडी आखातात रिकामी सापडली. गळ होते, डब्यातलं खाणं तसंच होतं, आमचा मुलगा नव्हता. तेव्हापासून माझा नवरा डेन्झिल ‘हो’ आणि ‘नको’ यापलीकडे बोलत नाही. खेळाच्या निमित्ताने तोंड उघडेल, असं मास्तरांना वाटलं.

खोक्यातून फासे निघाले. मी म्हटलं, "मास्तर, चहा घ्या, केक घ्या, पण फासे या टेबलावर नकोत. मी चौदाव्या वर्षी चॅपलमध्ये शपथेवर सही केलीय. दारू नाही, जुगार नाही."

बेरिल म्हणाली, "पैसे कुठे लावतोय आपण? लावायला तुझा केक तेवढा आहे, आणि तो जिंकायची कुणाला घाई नाही." बेरिल ही डेन्झिलची थोरली बहीण, दोन घरं सोडून राहते. माझ्या केकबद्दलचं तिचं मत माझ्या लग्नापासूनचं आहे.

मग मीच तोड काढली. बायबलात प्रेषितांनीसुद्धा रिकाम्या जागेवर माणूस नेमला तो चिठ्ठ्या टाकूनच. जुनी पाकिटं फाडून त्यांच्या कोऱ्या बाजूवर एक ते वीस आकडे लिहिले, घड्या घातल्या आणि किटलीवर घालायच्या लोकरी टोपीत टाकल्या. चिठ्ठ्या म्हटल्यावर प्रार्थना आलीच. "प्रभू, जे निघेल ते तुझ्या हातचं," असं म्हणून मी टोपी हलवली. डेन्झिल "आमेन" म्हणाला. चांगलं मोठ्याने.

खेळ असा की सूत्रधार गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. अवघड काम आलं की चिठ्ठी काढायची. बारा किंवा वर आलं तर जमलं, खाली आलं तर फसलं. मास्तरांच्या गोष्टीत तांब्याची जुनी खाण आहे, आमच्या गावच्यासारखीच समुद्राखालपर्यंत गेलेली, आणि आत अडकलेली माणसं. डेन्झिल मुकादम झाला, बेरिल दिवेवाली, मी स्वयंपाकीण. निदान तिथे तरी सुटी मिळेल असं वाटलं होतं.

निजायच्या आधी डेन्झिलने विचारलं, "पुढच्या शनिवारी आहे ना गं?" दोन महिन्यांत एवढं मोठं वाक्य ऐकलं नव्हतं.

शनिवार, २६ मे

आज डेन्झिलला पाच आले. कुजक्या फळीवरून उडी मारायची होती. मी म्हटलं, गेला. पण मास्तर म्हणाले, "पार झालात, मुकादम. तुमची कुदळ मात्र खाली गेली. ती पडल्याचा आवाज बराच वेळ आला नाही. आला तेव्हा तो पाण्यात पडल्याचा नव्हता. कुणीतरी झेलल्यासारखा होता."

"मास्तर, मला घरी एकटीने जायचंय," बेरिल म्हणाली.

भांडी पुसताना मी त्यांना विचारलं, फसला तर मेला, असं का नाही? ते म्हणाले, "फसल्यावर गोष्टच थांबली तर पुढच्या शनिवारी यायचं कशाला? फसण्याने काहीतरी हातचं जावं, आणि दुसरीकडे काहीतरी उघडावं." आमच्या पाळकांना एवढं सांगायला तीन रविवार लागतात.

डेन्झिलने आज मटणाचा रस्सा दोनदा घेतला.

बुधवार, ६ जून

मास्तरांची बदली झाली, उद्याच निघतात. सूत्रधार मी व्हायचं म्हणाले. मी म्हटलं, माझं शिक्षण मॅट्रिकपर्यंत, मला गोष्टी कुठल्या सुचणार. "तुम्ही घर चालवता, ते पुरे," म्हणाले.

निघताना फाटकाशी उभं राहून पुन्हा पुन्हा एकच सांगत होते. चिठ्ठी काढण्याआधी दोन्ही गोष्टी उघड बोलायच्या: जमलं तर काय मिळणार, फसलं तर काय जाणार. "आधी बोलला नाहीत, मिसेस ट्रेम्बाथ, तर नंतर ज्याला जे हवं ते तो ऐकतो. आणि जी निघेल ती सगळ्यांदेखत वाचा. दोन्ही उत्तरं झेपणार नसतील तिथे टोपीला हातच लावू नका."

माणूस ल्युथेरन, आमच्या चॅपलचा नव्हे, पण शिस्तीचा.

शनिवार, ९ जून

पहिल्यांदा मी गोष्ट सांगितली. 

डेन्झिलला बघायचं होतं, भुयारात आपल्या आधी कुणी गेलंय का. मी प्रार्थना केली, त्याने चिठ्ठी काढली आणि चष्मा जवळ नव्हता म्हणून न उघडता माझ्या हातात दिली. तीन होते. वर पाहिलं तर तो माझ्याकडे बघत होता. मार्चात धक्क्यावर उभा राहून आखाताकडे बघायचा, तसा.

मी "सतरा" म्हटलं. घडी घालून चिठ्ठी परत टोपीत टाकली.

"पावलं आहेत," मी म्हटलं. "ताजी."

"अनवाणी?"

मी हो म्हटलं. पेरन होडीत अनवाणीच असायचा. डेन्झिलने डोळे मिटले आणि तो हसला.

खोटं बोलले असं वाटत नाही. आजाऱ्याने ताप किती विचारला तर आपण एखादा अंश कमीच सांगतो. खेळच तर आहे.

गुरुवार, १४ जून

आज पेस्ट्या केल्या. कणकेच्या घड्यांत मांस, बटाटा, सलगम; कांदा महाग म्हणून अर्धाच. रीतीप्रमाणे प्रत्येकीच्या कोपऱ्यावर ज्याच्या त्याच्या नावाचं अक्षर काढलं. हात सवयीने चालतात, पेरनचंही अक्षर काढून बसले. मोडवेना, म्हणून भाजली. संध्याकाळी ती कपाटात नव्हती. डेन्झिल म्हणाला, "मी घेतली." भूक परत आली म्हणायची.

कपडे वाळत घालायचा नवा दोर सापडत नाही. मेणबत्त्याही संपल्या, वीज एकदाही गेली नसताना. डेन्झिलच्या बुटांना तांबडा चिखल आहे. बागेत खणतोय म्हणाला. बाग मला तरी तशीच दिसते.

शनिवार, १६ जून

मी म्हटलं, भुयाराला दोन फाटे फुटतात, डावीकडचा रुंद आहे. डेन्झिल म्हणाला, "डावीकडे पाणी आहे. छातीपर्यंत. उजवीकडे वाकून जाता येतं."

"गोष्ट मी सांगतेय ना?"

"सांग की. पण डावीकडे पाणी आहे."

बरं, म्हटलं, पाणी तर पाणी. उजवीकडची शिडी कुठे मोडली आहे, छत कुठे टेकूवर आहे, सगळं त्यानेच सांगितलं. भिंतीला हात लावला की ती कोमट लागते, हेही. एवढी कल्पनाशक्ती या माणसात होती आणि मला पत्ता नव्हता. आजही चिठ्ठी खालची निघाली, मी वरची वाचली.

जाताना बेरिल दारात थांबली. "आमचे आजोबा त्या खाणीत होते," म्हणाली. "एकदा मला एकटीलाच म्हणाले होते, खालची भिंत कोमट असते. मी हे डेन्झिलला कधी सांगितलेलं नाही. तू सांगितलंस?"

मला कुठून ठाऊक असणार.

शनिवार, ३० जून

मधला शनिवार सर्दीत गेला. आज डेन्झिल म्हणाला, मुकादम आता दगडावर ठोके देणार. कुणी असेल तर उत्तर देईल.

बेरिलने कप खाली ठेवला. "ए, ठोके द्यायचे नसतात. खाली ठोकणारे असतात, माणसं नव्हेत ती. त्यांनी ठोके दिले तर आपण पेस्टीचा कोपरा टाकायचा आणि निमूट निघायचं. आजोबांनी कान पिरगाळून शिकवलंय आपल्याला."

"ठोकणारे कशाला असतील?" डेन्झिल म्हणाला. "समुद्राने नेलेलं शेवटी खाणीतच येतं. भोक पडलंय आखाताकडून. पाणी आत येतं, मग माणूस का नाही येणार?"

खेळात एवढं रागावून कुणी बोलत नाही. मी घाईने टोपी पुढे केली. दोन आले. मी "एकोणीस" म्हटलं.

"उत्तर आलं," मी म्हटलं. "तीन ठोके."

डेन्झिल रडला. मार्चात रडला नव्हता. मला वाटलं, चला, मोकळा झाला.

सोमवार, २ जुलै

सकाळी कपडे धुताना धुणीघराच्या फरशीखाली ठोके झाले. तीन, थांबून तीन. नळ बंद केला, पाइप तपासला. शेजारी कुणी काम करत नव्हतं. ऊन होतं, कोंबड्या अंगणात होत्या, सगळं रोजच्यासारखं होतं. मी स्तोत्र म्हणत कपडे पिळले.

शनिवार, ७ जुलै

आज ठरवलं होतं की काहीतरी कारण सांगून खेळ थांबवायचा. तसं म्हटलं.

"थांबवायचा कसा?" डेन्झिल म्हणाला. "प्रभू प्रत्येक वेळी हो म्हणतोय."

"कुठे म्हणतोय?"

"तूच वाचतेस की. प्रार्थना करून चिठ्ठी काढायची आणि मग म्हणायचं खेळ होता? मी तसा वाढलो नाही. तूही नाहीस."

मग त्याने सांगितलं. शांतपणे, मासे किती मिळाले ते सांगावं तसं. दर बुधवारी मी बायकांच्या सभेला गेले की तो शेडमागच्या खाणीच्या जुन्या तोंडावरचा पत्रा सरकवून खाली उतरतो. पेरनच्या अक्षराची पेस्टी मी दर गुरुवारी करतच आले, ती सोबत नेतो. शिडी संपते तिथल्या फळीवर ठेवतो. पुढच्या बुधवारी बघतो.

"खातो तो," डेन्झिल म्हणाला. "कोपरा खातो. बाकीची तशीच असते. इतके दिवस उपाशी, भूक मेली असेल."

बेरिल माझ्याकडे बघत होती. पेरनने कोपरा कधी खाल्ला नाही. जळका लागतो म्हणायचा, लहानपणापासून बशीत सोडायचा. आणि कोपरा कुणाच्या वाट्याचा असतो, हे तिनेच मागच्या वेळी सांगितलं होतं.

मी डेन्झिलचा हात धरला. म्हटलं, त्या चिठ्ठ्या मी खोट्या वाचल्या. तीन होते, दोन होते. तुझं तोंड बघवेना म्हणून.

त्याने माझा हात थोपटला. "तू घाबरलीस. प्रार्थना करून तू खोटं वाचणार नाहीस, थिर्झा. तीस वर्षं ओळखतो तुला."

या बुधवारी तो दोर घेऊन फळीच्याही खाली उतरणार आहे. ठोके तिथूनच येतात.

रविवार, ८ जुलै

चॅपलमध्ये बसले, प्रार्थना तोंडात आली नाही. माझ्या आवाजात देव महिनाभर हो म्हणत होता, आता मी नको म्हटलं तर कोण ऐकणार?

घरी आल्यावर शेडमागे गेले. दुपारचं लख्ख ऊन होतं. पत्रा जरा सरकवला. आतून उबदार हवा आली, माणसाच्या श्वासाइतकी उबदार. कान देऊन बसले. ठोके नव्हते. ठोक्यांपेक्षा ते वाईट होतं. खाली कुणीतरी माझ्यासारखंच कान देऊन बसलंय असं वाटलं.

मंगळवार, १० जुलै

बेरिलच्या फोनवरून नोस्के मास्तरांना गाठलं. ट्रंककॉलचे पैसे बेरिलने घेतले नाहीत. मास्तर पोलिसांत सांगा म्हणाले, तोंड बुजवून घ्या म्हणाले. मी म्हटलं, अशी तोंडं या गावात शंभर आहेत आणि त्याला सगळी ठाऊक आहेत. एक बुजवलं तर दुसरीकडून जाईल.



"मग त्याला स्वतःला चिठ्ठी काढू द्या," मास्तर म्हणाले. "स्वतः वाचू द्या. पण आधी दोन्ही गोष्टी बोला. आणि चांगली निघाली तरी ती पाळावी लागेल, हे लक्षात घ्या."

"चांगली निघाली तर?"

"त्यासाठीच म्हणालो होतो, झेपत नसेल तिथे टोपीला हात लावू नका. पण आता तुम्ही लावून बसलात."

उद्या बुधवार आहे. डेन्झिलला म्हटलं, शनिवारपर्यंत थांब, शेवटचं विचारू, मग काय ते कर. मी सभेला जाणार नाही. तो बरं म्हणाला. त्याला वाटलं, माझा विश्वास बसला.

शनिवार, १४ जुलै

टेबलावर फक्त टोपी ठेवली. चहा नाही, केक नाही. "आज खरंच गंभीर दिसतंय," बेरिल म्हणाली, पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

मी डेन्झिलला म्हटलं, "चष्मा लाव." त्याने लावला.

"आता सांग. चिठ्ठी चांगली निघाली तर तुला काय हवं?"

मला वाटलं, म्हणेल पेरनला वर आणायचंय. त्याने टोपी जवळ ओढली. मग म्हणाला, "मला कळायला हवं. तो आहे की नाही. एवढंच. आणायचं नंतर बघू."

"बारा किंवा वर आले तर तुला कळेल."

"आणि खाली आले तर?"

हे मी मंगळवारपासून मनात घोकत होते. "तर कधीच कळणार नाही. तुलाही नाही, मलाही नाही. तू वर येशील आणि पुन्हा उतरणार नाहीस. पेस्टी न्यायची नाही, ठोके द्यायचे नाहीत. कळलं नाही, तरी."

बेरिल म्हणाली, "दोन्ही झेपेल का रे तुला?"

त्याने माझ्याकडे बघितलं. "तुला?"

मी हो म्हटलं. हे मात्र खरं होतं की नाही, मला अजून सांगता येत नाही.

प्रार्थना आज त्याने केली. टोपीत हात घातला आणि बराच वेळ बाहेर काढला नाही. मग चिठ्ठी काढली, उघडली, टेबलावर सपाट केली आणि मोठ्याने वाचली.

"नऊ."

 मग तो म्हणाला, "सांग."

मी सांगितलं. "तू फळीच्या खाली आहेस, दोराला धरून. समोर अंधार आहे. अंधारात कुणीतरी उभं आहे. तू दिवा उचलतोस. तेवढ्यात दोर ताणला जातो आणि तू वर जायला लागतोस."

"कोण ओढतंय?"

"मी. आणि बेरिल."

"मी अजून तोंड बघितलं नाही त्याचं."

"माहीत आहे."

"थिर्झा. एक पाऊल. दिवा थोडा पुढे धरतो."

"नऊ आलेत, डेन्झिल."

"उंची तरी सांग."

माझ्या तोंडात आलं होतं. पेरनची उंची दाराच्या चौकटीवर खुणा करून आम्ही दोघांनी वाढताना बघितलेली. सांगितली असती तर तो आजच गेला असता. मी म्हटलं, "दिसत नाही. दिवा खाली राहिला. आता पायाखाली उजेड लहान होत चाललाय. आता नाही दिसत."

त्याने मुठी आवळल्या होत्या, दोर धरावा तशा. त्या हळूहळू उघडल्या. तळहात टेबलावर पालथे पडले आणि तो त्यांच्याकडे बघत राहिला. कुणी दुसऱ्याचे हात आणून ठेवावेत तसे.

तेव्हा खालून ठोके आले. तीन, थांबून तीन. तिघांनी ऐकले. डेन्झिल खुर्चीतून अर्धा उठला.

बेरिलने हात लांब करून रेडिओ लावला. फुटबॉलची मॅच चालू होती, कुणीतरी गोल हुकवला होता आणि लोक ओरडत होते. डेन्झिल तसाच अर्धा उभा. मग खाली बसला. "कोण खेळतंय?" त्याने विचारलं. 

"पोर्ट," बेरिल म्हणाली. "हरतायत."

चांगली चिठ्ठी निघाली असती तर मी काय सांगितलं असतं, याचा आत्ता लिहितानाही विचार करते आहे. सुचत नाही.

बुधवार, १८ जुलै

सभेला गेले. त्याला एकट्याला घरी ठेवून गेले. परत आले तेव्हा त्याचे बूट दारात कोरडे होते आणि तो पायरीवर बसून जाळं विणत होता. दुपारभर हललेला नाही, असं बेरिल म्हणाली. आपण नजर ठेवून होतो, असं नाही म्हणाली, पण तिची खुर्ची तिच्या व्हरांड्यातून आमच्या कुंपणापाशी आलेली होती.

रविवार, ५ ऑगस्ट

पेरनसाठी चॅपलमध्ये प्रार्थना झाली. भिंतीवर दगड बसवायचा आहे. समुद्रात हरवला असं लिहायचं ना, असं पाळकांनी विचारलं. डेन्झिल म्हणाला, "समुद्रात असं नका लिहू. आम्हाला ठाऊक नाही. नाव लिहा आणि जन्मसाल." पाळकांना ते अपुरं वाटलं. अपुरंच आहे.

घरी येऊन दोघे जेवायला बसलो. सूप आणि कालचा पाव. ठोके सुरू झाले. पूर्वी ते धुणीघराखाली असायचे. आज टेबलाखाली होते, इतके जवळ की चमच्याला जाणवले.

डेन्झिलचा हात पावाच्या सुरीवर थांबला.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"तो असेल?"

"ठाऊक नाही."

"नाही ठाऊक," तो म्हणाला.

पुन्हा तीन झाले, या वेळी सावकाश. उत्तराची वाट बघत असल्यासारखे. डेन्झिलचं तोंड पांढरं पडलं होतं. त्याने पाव कापला, एक तुकडा मला दिला, एक स्वतः घेतला, आणि आम्ही जेवलो.